ऑटिझमचं निदान झालंय, आता सरकारी कामं कुठून सुरू करायची? नाशिकच्या नव्या पालकांसाठी

डॉक्टरांनी ऑटिझम म्हटलं की घरात पहिले काही आठवडे कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं, आणि नेमके तेव्हाच सगळे सल्ले द्यायला येतात. आत्या म्हणते त्याचा काकापण चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, शेजारचे म्हणतात पंचवटीत एक वैद्य आहेत, ऑफिसमधला कोणीतरी म्हणतो अरे सरकारकडून भरपूर मिळतं, फक्त दिव्यांग कार्ड काढ. यातलं शेवटचं अर्धं खरं आहे. मिळतं, पण एका खिडकीवर मिळत नाही. आरोग्य खात्याचं वेगळं, शाळेचं वेगळं, पैशाचं तहसीलला, विम्याचं दिल्लीला, आणि एका टेबलावरच्या माणसाला दुसऱ्या टेबलाची माहिती असेलच असं नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. क्रम चुकला की त्याच ऑफिसला परत परत जावं लागतं.

आधी हे असं का आहे ते थोडक्यात, म्हणजे काउंटरवर कोणी गोंधळला तर तुम्ही गोंधळणार नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच, त्यात सातच प्रकार होते. मग १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम आला, पण तो कायदा मुख्यतः पालकत्व आणि सांभाळ यापुरता. खरा बदल झाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, त्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर त्यातला एक, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. म्हणजे कागदावर सगळं तसं नवीनच आहे, आणि जुने फॉर्म, जुन्या याद्या, जुने जीआर अजून फिरत असतात. कोणी म्हणालं 'आमच्या लिस्टमध्ये ऑटिझम नाही' तर भांडू नका, २०१६ च्या कायद्याचं नाव घ्या आणि लेखी द्या म्हणा. बऱ्याचदा तिथेच काम होतं.

पायरी १: कार्डाच्या आधी थेरपी

हे मुद्दाम पहिलं लिहितोय, कारण लोक उलटं करतात. सर्टिफिकेट येईल मग बघू, असं म्हणत सहा सहा महिने जातात आणि लहान वयातले महिने परत मिळत नाहीत. थेरपी सुरू करायला कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही.

सरकारचा इथला दरवाजा म्हणजे आरबीएसके, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून चालू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत टीम येते, आणि काही आढळलं तर जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवतात. डीईआयसी म्हणजे लवकर निदान आणि उपचार करणारं सेंटर. आपल्याकडे त्यासाठी सिव्हिलला जायचं, त्र्यंबक रोडवर गोल्फ क्लब मैदानाजवळ. कल्पना अशी की बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, स्पीच, फिजिओ सगळं एकाच छताखाली आणि फुकट. कुठलं पद भरलेलं आहे आणि कुठलं रिकामं, हे मात्र वेळेनुसार बदलतं, म्हणून आधी जाऊन कोण कोणत्या वारी बसतं ते विचारून घ्या. सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्यांनी तर नक्कीच, एवढ्या लांबून येऊन 'मॅडम आज नाहीत' ऐकणं फार जिवावर येतं.

अंगणवाडी ताईंना कमी समजू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल काढला, त्यात लवकर ओळखणं आणि मुलाला अंगणवाडीत सामावून घेणं दोन्ही आहे. मूल दीड दोन वर्षांचं असेल, नावाने हाक मारली तरी बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर ताईंना सांगा आणि आरबीएसकेच्या टीमपुढे ठेवा.

आता खरं बोलायचं तर आठवड्याला मुलाला जेवढी थेरपी लागते तेवढी सरकारी सेंटर देऊ शकत नाही. बहुतेक घरं शेवटी प्रायव्हेटला जातात, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड सगळीकडे सेंटर उघडलीत. इथे सरकारचा एक वेगळा उपयोग करून घ्या, तो म्हणजे रजिस्ट्रेशन तपासणं. स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना आरसीआयचा नंबर असावा लागतो, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. ऑक्युपेशनल थेरपिस्ट तिथे नसतात, त्यांच्यासाठी राज्याची वेगळी कौन्सिल आहे. नंबर मागायला लाजू नका. जो चिडला तिथे मुलाला ठेवू नका, आणि 'तीन महिन्यांत ऑटिझम बरा करतो' असा बोर्ड असेल तर आतसुद्धा जाऊ नका.

पायरी २: यूडीआयडी, जिथे सगळी गाडी अडते

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तेच ते कार्ड. ते काढायचं की नाही यावर बऱ्याच घरांत महाभारत होतं. आजी आजोबा म्हणतात आत्तापासून ठप्पा कशाला, उद्या लग्नाला अडचण येईल. माझं मत स्पष्ट आहे, काढा. कार्ड तुमच्या पाकिटात राहतं, मुलाच्या कपाळावर नाही. दाखवायचं तेव्हा दाखवा, नाहीतर नका दाखवू. पण नसेल तर खालच्या पायऱ्यांपैकी जवळजवळ कुठलीच चढता येत नाही.

१ जून २०२१ पासून दिव्यांग सर्टिफिकेट यूडीआयडी पोर्टलवरूनच निघतं, हाताने लिहिलेलं चालत नाही. पोर्टलचं नाव स्वावलंबन कार्ड. मोबाईलवरूनही होतं, पण फोटो आणि सही अपलोड करताना साईजमुळे डोकं फिरतं, म्हणून जमत नसेल तर सरळ आपले सरकार सेवा केंद्रात जा. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. मुलाचं आधारच काढलं नसेल तर आधी ते. आधारवरचं नाव, जन्मदाखल्यावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव अक्षर न् अक्षर सेम ठेवा, 'आरव' कुठे एका ए ने आणि कुठे दोन ए ने लिहिलं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा, नंतर प्रत्येक ठिकाणी हेच आडवं येतं.

फॉर्ममध्ये प्रकार निवडताना ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर हाच निवडा. केंद्रवाला सवयीने बौद्धिक दिव्यांग टाकून मोकळा होतो, मागे उभं राहून स्क्रीन बघा. हॉस्पिटल निवडताना लक्षात ठेवा की ऑटिझमला बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतात, त्यामुळे प्रत्येक सरकारी दवाखान्यात हे होत नाही, शहरातल्या बहुतेकांना सिव्हिलच पडतं. मालेगाव भागातल्यांनी तिथल्या सामान्य रुग्णालयात आधी चौकशी करावी.

तपासणीत इसा नावाची प्रश्नावली वापरतात, ऑटिझम मोजायचं भारतीय मोजमाप. ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. लोकांशी नातं, भावना, बोलणं, वागण्याच्या पद्धती, आवाज स्पर्श वगैरे संवेदना, आणि आकलन असे सहा भाग. एकूण ७० च्या खाली आले तर ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, १५३ च्या वर तीव्र. ७० ला ४० टक्के दिव्यांगत्व धरतात आणि ४० टक्के हाच बहुतेक योजनांचा उंबरठा आहे.

आता इथे आईबापांची एक सवय नडते. तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर बसलं की आपण मुलाची बाजू घेतो, 'नाही नाही घरी सगळं करतो, कविता पण म्हणतो'. अहो, इथे त्याची परीक्षा नाहीये. रात्री किती वाजेपर्यंत जागा असतो, कुकरची शिट्टी झाली की काय होतं, दाढीच्या दुकानात कसं धरून ठेवावं लागतं, हे जसं आहे तसं सांगा, फुगवून पण नको आणि लपवून पण नको. मोबाईलमध्ये तीन चार छोटे व्हिडिओ ठेवा कारण त्या दिवशी पोरगं नेमकं शहाण्यासारखं बसतं. आधीचे सगळे रिपोर्ट, थेरपिस्टची चिठ्ठी, शाळेतल्या बाईंचं एक पत्र असेल तर उत्तमच. आणि डबा, पाणी, कानावर लावायचे हेडफोन, आवडतं खेळणं विसरू नका, बसायला वेळ लागतो आणि तिथला गोंगाट मोठ्यांनाही सहन होत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले, त्यानुसार सर्टिफिकेटसाठी तीन महिन्यांची मुदत आहे. कार्डाला रंग पण आलेत, ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि वर निळं. पोस्टाने येणाऱ्या कार्डाची वाट बघत बसू नका, पोर्टलवरून ई-कार्ड डाउनलोड होतं, तेच चालतं. लहान मुलांना बहुधा ठराविक मुदतीचं सर्टिफिकेट देतात. ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि संपायच्या चार महिने आधी परत अर्ज करा.

पायरी ३: निरामय विमा

मला विचाराल तर कार्डानंतर लगेच हे करा, कारण याच्याबद्दल सगळ्यात कमी लोकांना माहिती आहे. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, आणि यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही बसतो, जो साध्या मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. आधीचा आजार म्हणून नाकारत नाहीत, आधी मेडिकल टेस्ट नाही. दारिद्र्यरेषेखालच्यांना नोंदणी २५० रुपये, बाकीच्यांना ५००. थेरपीच्या दोन सेशनपेक्षाही कमी.

नोंदणी नॅशनल ट्रस्टकडे रजिस्टर असलेल्या संस्थेमार्फत करायची, जिल्हावार यादी ट्रस्टच्या वेबसाईटवर आहे. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणून रिन्यूअल मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पैसे आधी आपण भरायचे आणि मग क्लेम करायचा, आणि क्लेम नाकारायचं कारण बहुतेक वेळा बिल असतं. कोऱ्या चिठ्ठीवर 'रु. ६०० मिळाले' हे बिल नाही. थेरपिस्टकडून तारीख, मुलाचं नाव, थेरपीचा प्रकार, सही शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर असलेलंच बिल घ्या, सोबत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन. मोठी रक्कम परत येते असं नाही, थेरपीला आतली वेगळी मर्यादा असते, पण वर्षाचे काही महिने तरी निभावतात.

पायरी ४: शाळा

कायदा एकदम सरळ आहे, अंमलबजावणी तेवढी सरळ नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा वर असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के प्रवेशात दिव्यांग मुलं वंचित गटात येतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही! हे कित्येकांना माहीतच नसतं, नोकरदार लोक 'आपलं इन्कम जास्त आहे' म्हणून फॉर्मच भरत नाहीत. लॉटरी असते, नंबर लागेलच असं नाही, पण भरायला काय जातंय.

प्रायव्हेट शाळा तोंडावर नाही म्हणत नाहीत, त्या म्हणतात 'आमच्याकडे स्पेशल टीचर नाही हो, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल'. गोड नकार. तेव्हा त्यांना एवढंच सांगायचं की हे लेखी द्या. नाही दिलं तर आपण अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची, आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, तालुक्यात पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी.

जिल्हा परिषद आणि मनपाच्या शाळांसाठी समग्र शिक्षाखाली समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, ते गट साधन केंद्राला, म्हणजे बीआरसीला मिळतात. एकाकडे बऱ्याच शाळा असतात त्यामुळे रोज येत नाहीत, पण वर्गशिक्षकांना कसं शिकवायचं ते दाखवतात, आणि जास्त तीव्र मुलांसाठी घरी येऊन शिकवायची सोयही आहे. शाळेत दाखल केलं की यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झाली का हे हेडमास्तरांना विचारा. आज फरक पडत नाही, पण प्रवासभत्ता वगैरे त्यावरच येतं आणि दहावीला जादा वेळ, लेखनिक मागताना जुन्या नोंदी हाताशी लागतात. दहावीचा अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो, तो नववीतच सुरू करा.

विशेष शाळांचं सांगायचं तर राज्यातल्या अनुदानित शाळा अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद या जुन्या चार प्रवर्गांच्या, ऑटिझमला त्यात धड जागा नाही, मग मूल बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत जातं. नाशिकचं नशीब एवढं बरं की इथे हे काम जुनं आहे, रजनी लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर १९७७ मध्ये सुरू केलं तेव्हा कायदा पण नव्हता आणि अनुदानाचा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता. अशा संस्थेत एकदा जाऊन तिथल्या मोठ्या मुलांच्या पालकांशी बोला. ऑफिसच्या बोर्डावर लिहिलेलं नसतं ते तिथे कळतं.

पायरी ५: पैसे

इथे घाई नको, तुम्हाला काय लागू पडतं तेवढंच बघा.

उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, तहसीलमध्ये तिची वेगळी शाखा असते. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे फार थोडी घरं बसतात, आणि १५ वर्षांचा महाराष्ट्रातला रहिवास लागतो. रक्कम महिना १,५०० होती, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती २,५०० केली. उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढा, बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे.

शहरातल्यांसाठी महापालिका. प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे मनपा असो की ग्रामपंचायत, स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात दिव्यांग योजनांची चौकशी करा, यंदा कोणत्या योजना चालू आहेत आणि अर्ज कधीपर्यंत घेणार. गावाकडच्यांनी ग्रामसभेत ५ टक्क्यांचा विषय काढा, लोक बघत राहतात पण ग्रामसेवकाला उत्तर द्यावं लागतं. सध्या २०२७ च्या कुंभमेळ्याच्या कामात अर्धं प्रशासन गुंतलंय, त्यामुळे साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकायची तयारी ठेवा.

टॅक्स भरणाऱ्यांना आयकराचं कलम ८०डीडी. मुलाला ४० टक्के असेल तर ७५,००० ची सरसकट वजावट, ८० टक्के आणि वर १,२५,०००, आणि खर्चाची बिलं एवढ्या रकमेची दाखवावी लागत नाहीत. फक्त जुन्या रिजीममध्ये मिळतं. ऑटिझमला नुसतं यूडीआयडी पुरत नाही, फॉर्म १०-आयए डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागायचा, आता १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायद्याने कलमांचे नंबर बदललेत, म्हणून सीएला 'जुनं ८०डीडी' असं सांगा म्हणजे समजेल.

एसटीत ४० टक्के असलं की साध्या गाडीला तिकिटात ७५ टक्के सवलत. बाकी शिष्यवृत्त्या आहेत, नववीपासून केंद्राची नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे.

सरकारी नोकरीत असाल तर दोन गोष्टी ऑफिसला आत्ताच लेखी कळवा. केंद्रात २०१४ च्या आदेशाने दिव्यांग मुलाला सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला रुटीन बदलीतून सूट मागता येते, पुढे त्यात ऑटिझमही आला. आणि केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बाल संगोपन रजा असते, तिला दिव्यांग मुलाच्या बाबतीत वयाची अट नाही. आणि फॅमिली पेन्शन, दिव्यांग मुलाला ती नियमात बसल्यास आयुष्यभर मिळू शकते, पण नाव नोंदवलेलं पाहिजे. हे काम रिटायर झाल्यावर करायचं नाही, त्याआधी करायचं.

पायरी ६: अठरा पूर्ण झाल्यावर

मूल पाच वर्षांचं असताना हे वाचायला कंटाळा येतो, माहितीये. पण कायद्याच्या नजरेत अठरा झाले की तो सज्ञान, आणि आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत सही कोणाची इथून प्रश्न सुरू होतात. त्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक पातळीवरची समिती असते, अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. अर्ज तिच्याकडे, म्हणजे आपल्यासाठी सीबीएसजवळचं कलेक्टर ऑफिस. कोर्टात जायची गरज नसते. हे पालकत्वाचं सर्टिफिकेट खातं उघडायला बँकांनी स्वीकारावं असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे, मॅनेजर नाही म्हणाला तर हेच सांगायचं. पण सगळ्याच मुलांना पालक लागतो असं नाही. ज्याला आपले व्यवहार कळतात त्याच्यावर पालकत्व लादू नका, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातला १ टक्का ज्या गटाला आहे त्यात ऑटिझम येतो.

कुठे अडलं तर

तोंडी काही मागू नका. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. शिक्का नाही दिला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला, त्यामुळे पूर्वी समाजकल्याणला असलेली बरीच कामं तिकडे गेलीत, नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात गेलात आणि त्यांनी दुसरीकडे पाठवलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, कुठे जायचं ते मात्र नावासकट लिहून घ्या. तिथेही हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही, घडलेलं तारखेनुसार लिहायचं आणि शिक्के मारलेल्या प्रतींची झेरॉक्स जोडायची.

आणि या सगळ्यात तुम्हालाच झोप येईनाशी झाली, घरात रोज भांडणं व्हायला लागली, तर १४४१६ ला फोन लावा. टेली मानस, सरकारचीच हेल्पलाईन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.